खुर्चीने अर्ज शांतपणे ऐकून घेतला

वेंडलबरीचे अर्ल एव्हरार्ड लॅम्बोर्न यांना आपल्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाला घरी जायचे होते. लग्न ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी होते. घर दरबारापासून घोड्यावरून दोन दिवसांवर होते, घोडा तबेल्यात खाऊनपिऊन टुणटुणीत होता आणि हातात चांगले तीन आठवडे होते. अडचण एकच होती. अर्लसाहेब फार मोठे गृहस्थ होते.

लहान माणसाला मुलीच्या लग्नाला जायचे असले की तो उठतो आणि जातो. अर्लसाहेबांकडे मात्र महाराजांच्या ताटातले मांस कापण्याचा मान होता. हा मान त्यांच्या घराण्यात चार पिढ्या चालत आलेला. पणजोबांनी मोर कापला होता, आजोबांनी रानडुक्कर, आणि वडिलांनी एकदा स्वतःचा अंगठा, तोही गुडघ्यावर बसून, अगदी रीतीप्रमाणे. असा माणूस महाराजांच्या तोंडची परवानगी घेतल्याशिवाय दरबार सोडू शकत नाही. सोडला तर तो राजाचा अवमान. अवमानाला शिक्षा काय असते, हे लंडनच्या पुलावरून जाताना मान जरा वर करून तिथल्या भाल्यांकडे पाहिले की दिसत असे.

आता परवानगी मागायची तर महाराज हवेत. महाराज मे महिन्यापासून शिकारीला गेले होते. उत्तरेकडच्या रानात एक लाकडी बंगली होती, तिथे ते सहा मित्र आणि चाळीस कुत्र्यांसह अतिशय सुखात होते. पण म्हणून दरबार थोडाच बंद पडतो! दरबार म्हणजे महाराज नव्हेत, दरबार म्हणजे महाराजांची खुर्ची, आणि खुर्ची जागच्या जागी होती. मोठ्या दालनात, जरीच्या छताखाली, लाल मखमलीची. ती रिकामी असली तरी तिच्यासमोर टोपी काढायची, तीनदा वाकायचे आणि तिच्याकडे पाठ करायची नाही, असा नियम होता.

रोज दुपारी तिच्यापुढे जेवण मांडले जाई. विषाची परीक्षा घेणारा गृहस्थ प्रत्येक पदार्थाचा एक घास खाऊन डोळे मिटून उभा राही. तो मेला नाही असे दिसले की ताट पुढे सरके. मग अर्लसाहेब गुडघे टेकून हंस कापत, छातीचा मऊ भाग खुर्चीपुढे ठेवत आणि एका भुकेल्या राजाला जेवायला लागेल तेवढा वेळ मान खाली घालून थांबत. त्यानंतर ताट उचलले जाई आणि सगळे दरबारी आपापल्या दर्जाप्रमाणे त्यावर तुटून पडत. अर्लसाहेबांच्या दर्जाला हंसाचा डावा पंख येत असे. खुर्चीला आजवर एकदाही विषबाधा झाली नव्हती, यावरून बंदोबस्त किती चोख होता ते समजावे.

अर्लसाहेबांनी हे सगळे तीन महिने बिनतक्रार केले होते. पण त्यांची लेक सिसिली सात वर्षांची असताना त्यांनी तिला एक शब्द दिला होता. घरापासून चर्चपर्यंतच्या पायवाटेवर ती त्यांचा हात धरून नवरीसारखी चालत होती. मध्येच थांबून तिने विचारले, "बाबा, खऱ्या लग्नात पण तुम्हीच ना?" आणि ते म्हणाले होते, "मग दुसरं कोण गं वेडे?" आता तिचे पत्र आले होते आणि त्यात तेवढीच एक ओळ होती: "दुसरं कोणी नाही ना?"

ते पत्र अंगरख्याच्या बाहीत खुपसून अर्लसाहेब दरबाराचे मुख्य कारभारी लॉर्ड ऑस्बर्ट यांच्याकडे गेले.

"चार दिवस घरी जाऊन येतो म्हणतो. पोरीचं लग्न आहे."

"अरे वा! अभिनंदन!" लॉर्ड ऑस्बर्ट म्हणाले. "महाराजांना विचारलंत?"

"महाराज इथे नाहीत."

लॉर्ड ऑस्बर्ट यांनी उठून दार लावून घेतले. "एव्हरार्ड, हे माझ्यापुढे बोललात ते ठीक. पण असं कुठे बोलू नका हो. काल दुपारी तुम्ही हंस कोणासाठी कापलात?"

"महाराजांसाठी."

"मग ते इथे नव्हते तर तुम्ही कापला कशाला? आपल्याच पोटासाठी? तसं असेल तर ती चोरी झाली. आणि होते, तर आत्ता नाहीत असं म्हणणं म्हणजे राजद्रोह. यातलं काय लिहू?"

"काहीच लिहू नका," अर्लसाहेब घाईने म्हणाले. "मी असं करतो, सरळ उत्तरेला जातो आणि त्यांनाच विचारतो."

"जा ना. फक्त त्यासाठी दरबार सोडायची परवानगी लागेल."

"ती कोण देणार?"

"महाराज," लॉर्ड ऑस्बर्ट म्हणाले. त्यांना अर्लसाहेबांची मनापासून दया आली असावी, कारण त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "अहो, इतके का घाबरता? महाराज समोरच्या दालनात आहेत. अर्ज करा की रीतसर!"

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर अर्लसाहेबांनी खुर्चीपुढे गुडघे टेकून अर्ज वाचला. अर्ज चांगला झाला होता. सिसिलीची ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि पहारेकऱ्यांपैकी एकाने भाल्याच्या दांड्याला नाक पुसले. खुर्ची काही बोलली नाही. बाजूला दाखल्यांचे कारकून मास्टर पिनॉक वही घेऊन उभे होते. दरबारात पूर्वी कधी काय घडले होते, ते सांगणे हे त्यांचे काम. त्यांनी लिहिले: 'अर्ज शांतपणे ऐकून घेण्यात आला.'

"म्हणजे काय? जाऊ का मी?" अर्लसाहेबांनी विचारले.

"नाही म्हटलेलं नाही, सरकार."

"मग जातो."

"हो पण म्हटलेलं नाही." पिनॉकनी मागची पाने चाळली. "ऐंशी वर्षांपूर्वीचा दाखला आहे. एका बिशपांनी असाच अर्ज केला होता. खुर्ची गप्प राहिली. बिशपांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि ते निघून गेले."

"पुढे?"

"पुढे त्यांना टोपीची गरज राहिली नाही. गुन्हा काय, तर महाराजांच्या तोंडी शब्द घातले. त्यानंतर एका ड्यूकसाहेबांनी तो दाखला वाचला आणि खुर्ची गप्प राहिल्यावर नकार समजून ते इथेच थांबले. त्यांचंही तेच झालं. महाराज निर्दय आहेत असं मनात आणलं म्हणून."

"मग माणसानं समजायचं तरी काय?"

"समजायचंच नाही, सरकार. वाट पाहायची." पिनॉकनी वही मिटली. "खुर्ची काहीतरी संकेत देईल."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत दरबारभर झाली आणि सर्वांना एकदम आठवले की आपलेही काहीतरी मागायचे राहून गेले आहे. महाराज बोलत असताना अर्ज करायची कोणाची छाती होत नव्हती, कारण महाराज पहिल्या वाक्यालाच जांभई देत. खुर्चीने एकदाही जांभई दिली नाही. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती. एवढा समजूतदार राजा आपल्याला लाभला आणि आपण तीन महिने त्याच्यापुढे नुसते पक्षी कापत बसलो, असे लोक उघड बोलू लागले. दोन दिवसांत दालनाबाहेर रांग लागली.

संकेत ओळखायचा कोणी, हा प्रश्न आपोआप सुटला. खुर्चीला हात लावायचा अधिकार फक्त सर जर्वेस यांना होता, कारण तिची उशी रोज सकाळी झटकण्याचे काम त्यांच्याकडे होते. आजवर सर जर्वेस यांच्याशी कोणी दोन शब्द बोलले नव्हते. आता ते दालनातून बाहेर आले की चाळीस माणसे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. उशी फुगलेली दिसली तर महाराज प्रसन्न, मध्ये खड्डा दिसला तर चिंतेत. आपल्या अर्जाच्या दिवशी उशी फुगलेली असावी म्हणून लोक सर जर्वेस यांच्याकडे तितर, चीजची चाकं आणि मधाच्या बरण्या पोचवू लागले. आठवड्याभरात खुर्चीच्या उशीपेक्षा सर जर्वेसच जास्त फुगले.

"अहो जर्वेस, माझ्या अर्जाचं काय?" अर्लसाहेबांनी त्यांना जिन्यात गाठले. "दहा दिवस उरले!"

"विचाराधीन आहे," सर जर्वेस म्हणाले. "आज सकाळी उशीच्या उजव्या कोपऱ्याला मला थोडी आशा दिसली. पण तुम्ही नुसता डावा पंख पाठवलात, एव्हरार्ड. डाव्या पंखाने उजवा कोपरा कसा हो वर येणार?"

अर्लसाहेबांनी त्या रागात घरी पत्र लिहिले. 'प्रिय सिसिली, महाराज इथेच आहेत, त्यामुळे त्यांची गाठ पडत नाही. प्रयत्न चालू आहे. तुझा बाबा.' पाठवण्यापूर्वी त्यांनी ते दोनदा वाचले आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटले नाही. इतके दिवस दरबारात राहिले की होते तसे.

याच सुमारास तरुण सरदारांच्या लक्षात आले की खुर्ची जरा डावीकडे कलते. तिचा एक पाय किंचित आखूड होता. झाले! डावीकडे कलून चालणे हे खानदानीपणाचे लक्षण ठरले. पोरांनी डाव्या बुटाच्या टाचा कापून घेतल्या. एका म्हाताऱ्या काउंटेसबाईंचा पाय जन्मापासून अधू होता. सत्तर वर्षे लोक त्यांना लंगडी म्हणून हसले होते, आता सगळे त्यांच्याकडे चालायला शिकायला येऊ लागले. बाईंनी त्या एका महिन्यात सत्तर वर्षांचा राग हौसेने काढून घेतला.

लग्नाला आठ दिवस उरले असताना खुर्ची बोलली. अर्लसाहेब हंस कापत होते आणि 'कर्रर्र' असा आवाज झाला. सुरी त्यांच्या हातातून पडली. मास्टर पिनॉकनी आवाज जसा ऐकला तसा लिहून घेतला. तो होकार की नकार, हे ठरवायला पाच जणांची समिती नेमली गेली. समितीने दोन दिवस विचार करून सांगितले की आवाज अत्यंत राजसी होता. याहून जास्त ठरवायच्या आत खुर्चीचा आखूड पाय तडकलेला सर्वांना दिसला.

"सुताराला बोलवा," अर्लसाहेब म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"महाराजांच्या पायाला सुतार लावता?" लॉर्ड ऑस्बर्ट हादरले. "राजवैद्यांना बोलवा!"

राजवैद्य आले. त्यांनी पायाला जळवा लावून पाहिल्या. जळवांनी नकार दिला, हे लक्षण त्यांना गंभीर वाटले. मग त्यांनी जवसाच्या पिठाचे पोटीस बांधले आणि तीन आठवडे संपूर्ण विश्रांती सांगितली. भार नको, गोंगाट नको, अर्ज तर मुळीच नकोत. जेवण तेवढे चालू ठेवावे, पण हलके. हंसाऐवजी त्या दिवसापासून कोंबडी शिजू लागली.

आता शुक्रवार उजाडला. घोडा दामटला तर रविवारी सकाळी चर्चच्या दारात उतरता येईल, असा तो शेवटचा दिवस होता. अर्लसाहेब डोळ्यांत पाणी घेऊन खुर्चीपुढे कोंबडी कापत होते, तेवढ्यात मुदपाकखान्याच्या बाजूचे दार उघडले आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, चार दिवस दाढी न केलेला एक माणूस आत आला.

"मागे हो! दिसत नाही का, महाराज जेवतायत!" पहारेकरी खेकसला.

"कोण जेवतंय?" तो माणूस म्हणाला, आणि अर्लसाहेबांनी सुरी खाली ठेवली. हा आवाज ते लहानपणापासून ओळखत होते.

ते खुर्चीकडे तोंड करून गुडघ्यावर होते. पाठीमागे महाराज उभे. वळावे तर खुर्चीकडे पाठ होते, न वळावे तर महाराजांकडे. चार पिढ्यांत असा प्रसंग कोणावर आला नव्हता. शेवटी अर्लसाहेब खेकड्यासारखे आडवे सरकत गेले आणि दोघांना निम्मी निम्मी पाठ दिली. महाराज खो-खो हसले, पुढे झाले आणि त्यांनी खुर्चीच्या ताटातली तंगडी उचलली. महाराजांच्या ताटाला हात लागलेला पाहून विषाची परीक्षा घेणाऱ्या गृहस्थाला चक्कर आली.

"अरे एव्हरार्ड," महाराज तंगडी चावत म्हणाले, "तू अजून इथे काय करतोयस? परवा सिसिलीचं लग्न ना? तुझ्या बायकोनं, ऑड्रीनं, केव्हाच कळवलं होतं मला. पळ की! पोरगी वाट बघत असेल."

अर्लसाहेब ताडकन उठले. त्यांनी महाराजांचा चिखलाचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला आणि ते दाराकडे धावलेसुद्धा. दारात लॉर्ड ऑस्बर्ट उभे होते.

"एव्हरार्ड, थांबा. परवानगी कुठली?"

"आत्ता दिली ना त्यांनी! तुमच्यासमोर!"

"महाराज बोलले, हे मी नाकारत नाही," लॉर्ड ऑस्बर्ट खाली वाकून म्हणाले. "पण ते उभे राहून बोलले. शिवाय मुदपाकखान्यातून आले, म्हणजे त्यांचं आगमन झालेलंच नाही. खुर्चीवरून जे बोललं जातं ती राजाज्ञा. उभ्यानं बोलतात त्या गप्पा."

"एवढंच ना? मग बसून सांगतो," महाराज म्हणाले आणि खुर्चीकडे निघाले.

राजवैद्य हात पसरून आडवे आले. "क्षमा असावी! पाय नाजूक आहे. आपण बसलात तर महाराजांच्या जिवाला धोका आहे."

महाराजांनी पोटीस बांधलेल्या पायाकडे पाहिले. मग बाहेरच्या रांगेकडे, डावीकडे कललेल्या सरदारांकडे आणि फुगलेल्या सर जर्वेसकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असे समाधान पसरले, की तेवढे कोणी पूर्वी पाहिलेले नव्हते.

"काय रे ऑस्बर्ट, राज्य कसं चाललंय?"

"उत्तम, महाराज. इतकं सुरळीत कधीच नव्हतं."

"मी नसताना?"

"आपल्या उपस्थितीत, महाराज."

"छान! मग खुर्चीला उगाच त्रास देऊ नका," महाराज म्हणाले. त्यांनी दुसरीही तंगडी उचलली, अर्लसाहेबांकडे बघून ओशाळून हसले आणि आल्या दाराने शिकारीला निघून गेले. मास्टर पिनॉकनी लिहिले: 'आज महाराजांची भूक चांगली होती.'

रविवार आला आणि गेला. अर्लसाहेबांनी त्या दिवशी कोंबडी इतकी बारीक कापली की दर्जाप्रमाणे वाटताना कोणाला काय आले तेच कळेना. गुरुवारी सिसिलीचे पत्र आले.

'बाबा, तुमचं पत्र वाचून आई आधी रडली, मग म्हणाली, खुर्ची चालते ना त्यांच्या दरबारात, मग आपल्याकडे का नाही? आम्ही तुमची जेवणघरातली खुर्ची बैलगाडीत घालून चर्चला नेली. वर तुमची टोपी ठेवली. पाद्रीबाबांनी विचारलं, ही मुलगी कोण देतंय? खुर्ची गप्प. त्यांनी जरा वाट पाहिली आणि विधी पुढे चालू केला. सगळे म्हणतात तुम्ही फार छान वागलात. कुंपणावरून काकांशी भांडला नाहीत, भाषण केलं नाहीत, शेवटपर्यंत शुद्धीवर होतात. मी गाडीशेजारून चालताना खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला होता, बाबा. लाकूड फार गार होतं.'

अर्लसाहेबांनी हे पत्र बाहीत ठेवले नाही. ते त्यांनी अंगरख्याच्या आत ठेवले.

ऑक्टोबरात खुर्चीला आराम पडला. सर जर्वेस यांनी उशी फुगल्याचे जाहीर केले आणि ऑगस्टमधल्या लग्नाला जाण्याची परवानगी अर्लसाहेबांना सन्मानपूर्वक मिळाली. ते त्याच पावली घोड्यावर बसले. दोन दिवस पावसाचिखलातून दौडत घरी पोचले तर पुढचे दार बंद. म्हणून ते स्वैपाकघरातून जेवणघरात शिरले. गुडघ्यापर्यंत चिखल, दोन दिवसांची दाढी आणि पोटात कावळे.

मेजाच्या टोकाला त्यांची खुर्ची होती आणि खुर्चीवर त्यांची टोपी. घरचे जुने कारभारी डन्स्टन तिच्यापुढे वाकून बदक कापत होते. भिंतीला कुळे अर्ज घेऊन ओळीने उभी होती.

"जरा मागे थांबा," डन्स्टन मान वर न करता म्हणाले. "सरकार जेवतायत."

"अहो, आलात होय!" लेडी ऑड्री लगबगीने उठल्या. त्यांना खरेच आनंद झाला होता, यात शंका नाही. "पण जरा हळू बोला हं. काकांच्या कुंपणाचा निकाल आजच लागायचाय. तुम्ही बोलायला लागलात की सगळं बिघडेल."

तेवढ्यात माहेरपणाला आलेली सिसिली खुर्चीकडे सरळ पाठ करून धावत आली आणि चिखलासकट बापाच्या गळ्यात पडली. दोघे भरपूर रडले, मग भरपूर हसले. त्या घरात त्या क्षणी खुर्चीकडे पाठ असलेली ती एकटीच होती. ती म्हणाली, "चला बाबा, बसा. भूक लागली असेल."

अर्लसाहेब आपल्या खुर्चीपाशी गेले. तिच्यासमोर उभे राहिले. आणि काय सांगावे! त्यांचा हात आपोआप टोपी काढायला वर गेला, डोक्यावर टोपी नव्हती, ती समोर होती, तरी ते तीनदा वाकले. मग डन्स्टन यांच्या हातून सुरी घेऊन त्यांनी गुडघे टेकले आणि छातीचा मऊ भाग सफाईने कापून खुर्चीपुढे ठेवला. स्वतःसाठी त्यांनी डावा पंख घेतला. तो त्यांनी सिसिलीशेजारी बाकावर बसून आवडीने खाल्ला.

हसलात ना? हसा, अर्लसाहेबांना त्याचे काही वाटणार नाही. फक्त उद्या सकाळी आपल्या खुर्चीवर बसण्याआधी क्षणभर बाजूला उभे राहा आणि रोज येणारी-जाणारी माणसे वाकतात ती नक्की कोणाला, हे तिलाच विचारा. ती शांतपणे ऐकून घेईल. त्याचा अर्थ काय, ते तुमचे तुम्ही समजू नका. वाट पाहा.